काळीचं दुसरं इंजिन

"आकडे जुळत नाहीत," प्रसन्न म्हणाला, आणि तो कागद त्यानं गाडीच्या बॉनेटवर अशा बेतानं ठेवला, जणू काही कोर्टाची नोटीसच बजावतोय.

देवांगनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. तो फडक्याला हात पुसत होता. हात स्वच्छच होते, तरी पुसत होता, आणि प्रसन्नच्या नजरेनं नेमकं तेवढंच टिपलं.

तपासणारा माणूस नुकताच गेला होता. दीड तास आई-बाबांच्या फ्रिस्कोच्या घराच्या गॅरेजमध्ये पाठीवर पडून, टॉर्च मारून, दाढीचा असतो तेवढा छोटा आरसा आत घालून त्यानं गाडी पाहिली होती. उद्या बाबांचं वर्षश्राद्ध. ते झालं, की आई काळीच्या, म्हणजे या ट्रकच्या, कागदांवर सही करणार आणि गाडी देवांगच्या नावावर होणार, हे बाबांनीच तिला सांगून ठेवलेलं. इन्शुरन्ससाठी गाडीची किंमत ठरवून घ्यायला हवी, म्हणून त्या माणसाला बोलावलं होतं ते प्रसन्ननंच, पिस्कॅटवेच्या आपल्या घरून, फोनवर. त्यात त्याच्या मनात काही नव्हतं. निदान सकाळपर्यंत तरी नव्हतं.

"गाडी अस्सल आहे म्हणाला. काचेखालची नंबराची पट्टी अस्सल आहे. पण इंजिनावर कोरलेला आकडा त्या पट्टीशी जुळत नाही. हे इंजिन दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं आहे म्हणतो."

"हो."

"हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

"मीच बसवलंय ना, दादा."

"कधी?"

"झाली सहा-सात वर्षं."

"का?"

देवांगनं फडक्याची घडी घालून ते बाजूला ठेवलं.

"बरं, जुनं कुठंय?"

"नाहीये आता."

"नाहीये म्हणजे? विकलं?"

"सोड ना, यार. इट वॉज बाबाज ट्रक. त्यांना माहीत होतं सगळं."

"आणि त्यांना विचारायला आता मी कुठं जाऊ?"

हे बोलून प्रसन्नलाच कसंतरी झालं. पण शब्द एकदा सुटला, की त्याला परत बोलावता येत नाही. आणि संशय तर असा पाहुणा, की त्याच्यासाठी पाट मांडावा लागत नाही. तो येतो तोच पाट काखेत घेऊन.

बाबांनी, म्हणजे मोरेश्वर देशकरांनी, एक्क्याण्णव सालची ही ट्रक शहाण्णवमध्ये सेकंडहँड आणली, तेव्हा प्रसन्न अठरा वर्षांचा होता. त्यानं बाहेर येऊन पाहिलं आणि त्याचं तोंड पडलं. त्याला मस्टँग हवी होती. आणि बाबांनी आणली काय, तर नर्सरीतून चार रोपं आणायला बरी, अशी एक बुटकी काळी पिकअप! नाव सायक्लोन. कंपनीनं जेमतेम एकच वर्ष काढली, तीन हजारसुद्धा पुरत्या झाल्या नाहीत, आणि सगळ्या काळ्याच. ट्रक असून तिच्यात ओझं घालायचं नाही आणि ती कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही, अशी ताकीद आतल्या सनशेडवरच छापलेली. "मग करायचं काय हिचं?" असं आईनं विचारलं होतं. बाबांनी तिला शेजारी बसवून हायवेवर नेलं. परत आली तेव्हा आई हॉलमध्ये जमिनीवर बसली आणि पाणी मागून घेतलं. सहाच सिलिंडर, पण त्याला टर्बो. भल्याभल्या इटालियन गाड्या मागे पडायच्या.

आठ वर्षांचा देवांग मात्र त्या दिवसापासून बॉनेटखालीच वाढला. पुढं त्यानं मॅकिनीच्या रस्त्याला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. नावाजलेल्या गाड्यांना हात लावायला पुष्कळ लोक आहेत म्हणायचा. तो उचलायचा ज्यांची पोस्टरं कुठल्याच मुलानं भिंतीवर लावली नाहीत त्या. टायफून, मरॉडर, असल्या नावांच्या. आणि गेल्या वर्षी त्यानं अशीच एक दुसरी सायक्लोन घडवून बेलव्ह्यूच्या कुणा शिवला विकली होती. जाहिरात प्रसन्ननं पाहिली होती. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, मूळ इंजिनासह.

मूळ इंजिन. कुणाचं?

*

वीणा वड्यांसाठी डाळ निवडत होती. मिक्सर, कुकर, तिकडे फोनवर सासूबाईंचे कीर्तनकार बुवा नारदमुनींची फजिती रंगवून सांगताहेत, टाळ वाजताहेत. त्या स्वतः, सुवर्णाबाई, आमसुलं भिजत घालून मागच्या खोलीत उद्याच्या पानांची मांडणी बघायला गेल्या होत्या. तेवढ्यात प्रसन्न आत आला आणि त्यानं फोनचा आवाज वाढवला. घरात कुणी आवाज वाढवला, की समजावं, काहीतरी हळू बोलायचं आहे.

त्यानं सगळं सांगितलं. वीणानं डाळीतून मान वर केली नाही.

"देवांग असं करणार नाही."

"मग सांगत का नाही?"

"नसेल सांगायचं."

"सदतीस वर्षांचा माणूस, साध्या प्रश्नाला उत्तर देत नाही, याचा अर्थ काय होतो?"

वीणाला त्या प्रश्नाचाच राग आला. ती लग्न होऊन पुण्याहून या घरात आली, तेव्हा हाच पंधरा वर्षांचा दीर लायसन्स नसताना तिला मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवायचा. "वहिनी, ब्रेक हा तुमचा बेस्ट फ्रेंड" म्हणायचा. त्या मुलाला चोर म्हणायला तिची जीभ रेटेना. पण बाईचं मन मोठं विचित्र. जीभ रेटेना, तरी आत कुठंतरी आठवायला लागलंच: सहा-सात वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात काळी चार महिने देवांगच्या वर्कशॉपमध्ये होती. पेंटला टाकलीय, म्हणाले होते. चार महिने पेंट?

"तेव्हाच," ती नकळत बोलून गेली. "पेंटचं निमित्त केलं होतं ना, तेव्हाच."

"बघ! मी नव्हतो म्हणत?" प्रसन्नला एकदम बळ आलं. "म्हणूनच मी फोन केला."

"कुणाला?"

"त्या बेलव्ह्यूच्या शिवला. फक्त म्हटलं, तुमच्या इंजिनाचा आकडा तुमच्या पट्टीशी जुळतो का ते एकदा चेक करा."

वीणाच्या हातातलं ताट ओट्यावर आदळलं. "तू देवांगच्या गिऱ्हाइकाला फोन केलास? त्याला न सांगता?"

"चेक करा म्हटलं फक्त."

"गिऱ्हाइकाला सख्ख्या भावानं फोन करून चेक करा म्हणणं म्हणजे काय असतं, तुला कळतं का रे?"

पाठीमागं फ्रिजचं दार उघडं होतं आणि त्याच्या आड रुही ताक पीत उभी होती. प्रसन्न-वीणाची मुलगी, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला, काकाची भक्त. तिनं ग्लास तसाच ठेवला आणि गॅरेजकडे चालू लागली.

*

"काका, डिड यू सेल इट?"

"नो."

"देन से इट टू देम!"

"सांगितलं ना विकलं नाही म्हणून."

"मग गेलं कुठं, ते सांगा."

देवांग टायरपाशी उकिडवा बसला होता. रुहीनं पाहिलं, उत्तर द्यायच्या आधी त्यानं घरात उघडणाऱ्या दाराकडे बघितलं. ते दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून आजीच्या बांगड्यांचा आवाज येत होता. त्यानं उठून दार लोटलं.

"रुही, दुसरं काहीही विचार."

"म्हणजे तुम्ही बाबाला घाबरत नाही आहात. तुम्ही आजीला घाबरताय." रुहीचा आवाज खाली आला. "काय केलंत काका, जे आजीला कळायला नको?"

तो हसल्यासारखा झाला. त्या हसण्यानं रुहीला आणखी धडकी भरली. सकाळपासून या घरात एकच माणूस खरं बोलतोय असं ती धरून चालली होती. आता तिला वाटलं, की ते आपण धरलंय, पाहिलेलं नाही.

त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्यानं काढून वाचलं. पुन्हा थरथरला. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरचा रंग जातो कसा, ते रुही प्रथमच पाहत होती.

"हू इज इट?"

"कुणी नाही," देवांग म्हणाला.

*

पण घर लाकडाचं आणि भिंती पातळ. सुवर्णाबाईंना जेवढं ऐकू यायचं तेवढं आलं होतं. इंजिन बदललं. देवांगनं बदललं. जुनं नाही.

त्या मागच्या खोलीत पाटावर बसून राहिल्या. समोर यांचा फोटो. फोटोला काही विचारायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण एक गोष्ट होती, जी त्यांनी जिवंतपणी यांनाही सांगितलेली नव्हती.

सात वर्षांपूर्वीचा दसरा. यांचं वय तेव्हा सदुसष्ट, आणि यांना नवंच वेड लागलेलं. दर शुक्रवारी काळी घेऊन शर्यतीच्या पट्टीवर जायचं. दोन गाड्या शेजारी उभ्या करतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल जीव घेऊन पळायचं. शेजारी मोठमोठ्या, गुरगुरणाऱ्या गाड्या. त्यांतले पोरगेलेसे लोक या म्हाताऱ्याच्या रोपं आणायच्या ट्रककडे बघून हसायचे. तेरा-चौदा सेकंदांनी हसायचे थांबायचे. हे घरी यायचे ते परीक्षेत पहिले आल्यासारखे. आणि सुवर्णाबाईंचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, शुक्रवारचे उपास धरले. उपास यांना दिसायचे, अर्थ दिसायचा नाही.

त्या दसऱ्याला वाहनांची पूजा करायला त्या गॅरेजमध्ये आल्या. बॉनेट उघडं होतं. देवांगनं हवेचं फिल्टर काढून नेलं होतं, नवं दुसऱ्या दिवशी यायचं होतं, आणि हवा आत ओढणाऱ्या त्या जाड नळीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं होतं. "कुंकू बाहेरून लाव हं," हे म्हणाले. "आत हात घालायचा नाही." आणि काडेपेटी आणायला घरात गेले.

तेवढ्यात त्यांनी हात घातला. आधी विड्याच्या पानावरच्या सुपारीवर गणपतीचं आवाहन झालेलंच होतं. पूजा झाली, की अक्षता वाहून ती सुपारी हलवायची असते. त्यांनी हलवली नाही. नाडापुडीतल्या लाल-पिवळ्या नाड्याचे तीन वेढे तिला घातले, फडकं सैल केलं आणि देव त्या नळीत ठेवला. "माझं तर हे ऐकत नाहीत. आता तूच बस यांच्यापुढं आणि सांभाळ." फडकं होतं तसं बांधून टाकलं.

आणि त्यानं सांभाळलं. सात वर्षं त्यांनी रोज मनात हेच म्हटलं होतं. त्याच हिवाळ्यात यांची शुक्रवारची वारी आपोआप सुटली. गेल्या वर्षी गेले ते खुर्चीत बसून, चहाचा कप रिकामा करून. रस्त्यावर नाही. भल्या माणसाच्या पुढ्यात देव बसलेला होता ना!

आणि तो बसलेला असताना या पोरानं इंजिन काढून दिलं कुणाला? यांना न विचारता? की विचारून? आणि मला पेंट म्हणून सांगितलं. धाकट्यानं मला फसवलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते येताच त्यांना वाटलं, या खोलीत, या फोटोसमोर असं काही मनात यायला नको होतं. पण आलं होतं.

त्या उठल्या.

*

गॅरेजमध्ये चौघंही होती. प्रसन्न आणि देवांग समोरासमोर, मध्ये काळी. वीणा दाराशी. रुही बॉनेटच्या कडेला टेकून.

"आई, तू कशाला आलीस?" देवांग पुढं झाला. "वड्यांचं बघ ना तू."

"वडे उद्या आहेत. इंजिन कुठंय?"

"आई..."

"सही मी करणार आहे ना उद्या? मग मला कळू दे, मी कशावर सही करतेय. कुणाला दिलंस?"

प्रसन्न बाजूला उभा राहून हे बघत होता. आई आपल्या बाजूला आली, याचं त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

"कुणालाच नाही दिलं. भंगारात टाकलं."

"भंगारात!" सुवर्णाबाईंनी गाडीची कड धरली. "अरे, भंगारात कसं टाकलंस? त्यात माझा गणपती होता!"

कुणालाच काही कळलं नाही. एकट्या देवांगनं डोळे मिटले, जसं एखादं जड भांडं हातातून निसटताना माणूस मिटतो.

"आजी," रुही हळूच म्हणाली, "कुठला गणपती?"

"सुपारीचा. दसऱ्याला ठेवला होता मी. या नळीत." त्यांनी बोट दाखवलं. "फडकं बांधलेलं होतं तोंडाला."

रुहीनं त्या नळीवर बोट ठेवलं आणि ते पुढं पुढं नेत गेली. नळी वळली तिथं बोट वळलं, आणि एका गोगलगाईसारख्या लोखंडी डब्यापाशी थांबलं.

"हा पाइप टर्बोत जातो," ती म्हणाली. "आत एक छोटा पंखा असतो, आजी. मिनिटाला लाखभर वेळा फिरतो, आणि त्याच्या रस्त्यात काही आलं तर..."

आजीचा चेहरा पाहून तिनं वाक्य सोडून दिलं. पण अर्धं वाक्यसुद्धा पुरेसं होतं.

"वा!" प्रसन्न म्हणाला. "म्हणजे आता हा म्हणणार, सुपारीनं इंजिन गेलं."

"प्रसन्न!" वीणा ओरडली.

"काय प्रसन्न? दोन तास विचारतोय, तोंड उघडत नाही. आता आईनंच उत्तर त्याच्या हातात दिलं. आयतं!"

देवांग तरीही काही बोलला नाही. कीर्तनात बुवा सांगतात, की खरा माणूस ओळखायचा असेल तर त्याला सुटायची वाट दाखवावी आणि तो ती घेतो का, ते बघावं. सुवर्णाबाईंना ते आठवलं की नाही, कोण जाणे. पण त्यांचा आवाज एकदम शांत झाला.

"देवांग, मी त्या दिवशी काय केलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही. आत्ताही सगळं सांगितलेलं नाही. तुला आत जे सापडलं, ते तू सांग."

"मी प्रॉमिस केलंय, आई."

"ज्यांना केलंस, त्यांचं उद्या वर्ष होतंय. मी त्यांच्याकडून तुला मोकळं करते. सांग."

देवांगनं दादाकडे पाहिलं नाही, आईकडेच पाहिलं.

"दोन तुकडे सुपारीचे. आणि एक दोरा. पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेलेला. काळा झाला होता, पण मध्ये मध्ये लाल-पिवळा दिसत होता. मला वाटलं, कुठल्या तरी रबरी होजचा असेल. बाबांनी तो नाकाला लावला. म्हणाले, हळद आहे."

"नाड्याचा दोरा," सुवर्णाबाई म्हणाल्या. "तीन वेढे घातले होते मी."

प्रसन्न मागं सरकला आणि भिंतीशी ठेवलेल्या उंच स्टुलाला टेकला. वीणानं तोंडावर हात ठेवला होता.

"दुसऱ्याच शुक्रवारी," देवांग सांगू लागला. आता थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. "दिवा हिरवा झाला, बाबांनी सोडली, आणि आत काहीतरी खळ्ळकन फुटलं. मागं पांढरा धूर. तिथंच थांबायचं ना? नाही थांबले. घरापर्यंत जाईल म्हणाले. तेल सगळं गळून गेलं. टोल रोडच्या कडेला इंजिनाचा रॉड मोडला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. म्हणजे विषयच संपला. त्याचं परत काही होत नाही. मी टो करून वर्कशॉपला नेली आणि उघडली. सुपारी बघितल्यावर बाबा खाली जमिनीवर बसले. मला वाटलं, रडतायत. हसत होते. आई, इतके हसत होते, की त्यांना खोकला आला."

सुवर्णाबाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"मग म्हणाले, हिला कळता कामा नये. का, म्हटलं. म्हणाले, हिला कळलं, तर उद्यापासून देवाला हात जोडतानासुद्धा हिचा हात कचरेल. इंजिन काय, दुसरं बसेल. भंगारातल्या एका व्हॅनचं घेतलं आम्ही. चार महिने दोघांनी मिळून बसवलं. तुला पेंट सांगितलं."

"आणि शुक्रवार?"

"तो सोडला त्यांनी. म्हणाले, वरून नोटीस आलीय."

वीणाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिनं दोन्ही पदरात कोंबलं.

प्रसन्न स्टुलावरून उठला. त्याला बोलायचं होतं. मोठ्या भावाला धाकट्यासमोर जे बोलायचं असतं, ते बोलायची सवय देशकरांच्या घरात कुणालाच नव्हती. "देवांग, मला... मला काय माहीत रे..."

"तुला माहीत नव्हतं, ते ओके आहे," देवांग म्हणाला. आणि आता प्रथमच त्याचा आवाज चढला. "पण तू शिवला फोन केलास! तीन मेसेज आलेत मला दुपारपासून. त्यानं ओनर्सच्या ग्रुपमध्ये टाकलंय, की ज्यानं घडवली त्याच्याच भावाला डाउट आहे. दादा, या गाड्या जगात उरल्यात किती? त्या ठेवणारे सगळे त्या एका ग्रुपमध्ये आहेत. सगळे! मी वीस वर्षं त्यांच्यासाठी काम करतोय. हे लोक पेपर बघत नाहीत, माणूस बघतात. आता आईनं सही दिली काय आणि नाही काय, ही एक ट्रक घेऊन मी बसून राहणार. दुसरी कोण आणून देणार आहे मला?"

प्रसन्ननं खिशातून फोन काढला. नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बॉनेटवर, त्या कागदाच्या शेजारी ठेवला.

"हां, प्रसन्नजी, बोला," पलीकडून आवाज आला. मराठीच, पण मुंबईच्या घाईचा. "मी बघितलं हं. आकडा जुळतोय इथला. पण म्हटलं, सख्खा भाऊ सांगतोय म्हणजे काहीतरी असणारच. उद्या एक माणूस बोलावलाय पूर्ण तपासायला."

"नका बोलावू. म्हणजे बोलवा, तुमची गाडी आहे. पण चूक माझी झाली. देवांगनं काही केलेलं नाही."

"अच्छा." त्या अच्छामध्ये विश्वास कुठंच नव्हता. "आईबिई रागावल्या का घरी? समजू शकतो. पण मला एक सांगा ना, मग तुमच्या वडिलांच्या गाडीचं इंजिन गेलं कुठं?"

प्रसन्न सांगायला फोनकडे वाकला. खरं सांगायचं, तर आईचं नाव घ्यावं लागणार. दोन हजार मैलांवरच्या परक्या माणसापुढं, जो उद्या ते शंभरजणांना सांगणार. तो देवांगकडे बघत राहिला. आणि बघता बघता त्याला समजलं, की सकाळपासून हा पोरगा नेमका इथंच, याच जागी उभा होता.

"हॅलो?" शिव म्हणाला.

"ते... फुटलं ते. अपघातानं."

"कसला अपघात?"

सुवर्णाबाईंनी पदरानं चेहरा पुसला आणि फोन उचलून तोंडासमोर आरशासारखा धरला.

"नमस्कार. मी देवांगची आई बोलतेय."

"अं... नमस्कार, काकू."

"ते इंजिन मी मोडलं. गाडीच्या पूजेला त्या हवेच्या नळीत सुपारी ठेवली होती, गणपती म्हणून. ती आत गेली आणि पंखा फुटला. माझ्या मुलाला सात वर्षं माहीत होतं. मला वाईट वाटू नये म्हणून तो बोलला नाही. आजही बोलला नाही, चोर म्हणवून घेतलं तरी. ऐकताय ना?"



"ऐकतोय, काकू."

"तुमचा तो ग्रुप का काय आहे, तिथं दुपारी लिहिलंत ना? आता हे पण लिहा."

"सगळं लिहू?"

"सगळं. आणि नाव माझं घाला. सुवर्णा मोरेश्वर देशकर, मुक्काम फ्रिस्को. हसू देत हसतील त्यांना."

"लिहितो. आत्ताच लिहितो." शिवचा आवाज बदलला होता. थोडा अडखळला. "काकू, एक विचारू का? माझी गाडी देवांगकडे दोन वर्षं होती. तुम्ही तिथं जात-येत असाल..."

"नाही हो," सुवर्णाबाई म्हणाल्या. "तुमच्या इंजिनात देव नाही. निर्धास्त चालवा."

रुही बॉनेटवर डोकं टेकून हसत सुटली. देवांगनं आईच्या हातातून फोन घेतला, बंद केला, आणि दादाला परत न देता सरळ स्वतःच्या खिशात टाकला.

"हा उद्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे," तो म्हणाला.

प्रसन्ननं निमूटपणे मान हलवली.